ओझे किती, वेळ किती : अंतराळात कशाने जायचे?



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात. यंदा एका होमिओपॅथिक डॉक्टराला रॉकेटवर बोलायला उभे केले आहे, तेव्हा चूक कुणाची हे तुम्हीच ठरवा. छापण्यासाठी मजकूर देताना मी बोलण्यातले फापटपसारा वाटणारे थोडे काढले आहे. बाकी बोललो तसेच ठेवले आहे, कारण घरी बसून वाचणाऱ्यालाही मला समोर बसल्यासारखेच सांगायचे आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो जुलै १९६९ मध्ये. मी नऊ वर्षांचा होतो. आजोबा सोलापूरहून इंदूरला एका गिरणीत मुनीम म्हणून आले आणि इथलेच झाले. संध्याकाळी वाड्यातली सगळी मंडळी एका रेडिओभोवती जमलेली. माणूस चंद्राकडे निघाला होता. आजोबांनी मला विचारले, "तिकडे वारा नाही, हवा नाही म्हणतोस. मग ते तुझे रॉकेट मागे ढकलते तरी कशाला?" मला उत्तर आले नाही. दिवाळीतले रॉकेट हवेला ढकलून वर जाते अशीच माझी समजूत होती. (आमच्या घरी फटाके नसत. जीवहिंसा होते, आणि दिवाळी हा महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. मी शेजाऱ्यांच्या अंगणात उडवून यायचो.) आजोबांनी मग स्वतःच आपल्या शास्त्रातली गोष्ट सांगितली. जैन दर्शनात सहा द्रव्ये मानली आहेत. त्यांतले 'धर्म' नावाचे द्रव्य गतीला साहाय्य करते, जसे पाणी माशाला करते. पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्याशिवाय मासा पोहत नाही. तेव्हा तिकडेही काहीतरी असेलच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आजोबांची शंका अडाणीपणाची नव्हती, हे मला फार वर्षांनी कळले. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड या प्राध्यापकाने रॉकेट चंद्रापर्यंत पाठवता येईल असे लिहिले, तेव्हा १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून त्यांची टिंगल केली. निर्वातात ढकलायला काही नसते, एवढे शाळेतले ज्ञानही या माणसाला नाही, असा त्याचा आशय होता. गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनाचे पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद उडाले आणि चार मजली इमारतीएवढे वर गेले. १९४५ मध्ये ते वारले. अपोलो ११ निघाल्यावर दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या वृत्तपत्राने आपली चूक कबूल केली. म्हणजे आमच्या वाड्यात आजोबा प्रश्न विचारत होते त्याच आठवड्यात तिकडे उत्तर छापून येत होते.

उत्तर सोपे आहे. महेश्वरला नर्मदेत तुम्ही एका होडीत बसला आहात असे समजा. वल्हे नाही, पण होडीत दगडांचा ढीग आहे. एक दगड उचलून जोरात मागे भिरकावला की होडी किंचित पुढे सरकते. दगड पाण्याला लागला की नाही याच्याशी तिला देणेघेणे नाही. तुम्ही दगडाला ढकलले, दगडाने तुम्हाला ढकलले. रॉकेट आपल्याच पोटातला माल मागे फेकत जाते. बाहेर काही असण्याची गरज नाही, उलट हवा असली तर अडथळाच होतो.

आता या होडीबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. दगड किती आहेत? आणि तुम्ही ते किती वेगाने फेकता? भविष्यातली सगळी इंजिने, अणूची असोत, विजेची असोत की प्रकाशाची, या दोन प्रश्नांना दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत.

हा हिशोब प्रथम नीट मांडला तो रशियातल्या कालुगा गावच्या एका शाळामास्तराने. त्याचे नाव कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की. लहानपणी स्कार्लेट फीवर होऊन त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती, आणि त्यामुळे शाळाही सुटली. १९०३ मध्ये त्याने जे समीकरण प्रसिद्ध केले, ते मी तुम्हाला आजोबांच्या भाषेत, चक्रवाढ व्याजाच्या भाषेत सांगतो. दगड तुम्ही जेवढ्या वेगाने फेकता तेवढाच वेग होडीला स्वतःला हवा असेल, तर निघताना भरलेल्या होडीचे वजन रिकाम्या होडीच्या २.७ पट लागते. दुप्पट वेग हवा, तर ५.४ पट पुरत नाही, ७.४ पट लागते. तिप्पट वेगाला २० पट. चौपटीला ५५ पट. कारण उघड आहे. शेवटचा दगड फेकण्यासाठी तो तिथपर्यंत वाहून न्यावा लागतो, आणि तो वाहून नेण्यासाठी आधी आणखी दगड फेकावे लागतात. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्या घराचे जे होते, तेच रॉकेटचे होते.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचायचे म्हणजे हवेचा आणि गुरुत्वाचा तोटा धरून सेकंदाला नऊ-साडेनऊ किलोमीटरचा वेग मिळवावा लागतो. आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग? केरोसिन आणि ऑक्सिजन जाळले तर सुमारे ३ ते साडेतीन किलोमीटर. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळले तर साधारण साडेचार. ज्या क्रायोजेनिक इंजिनासाठी आपल्या देशाने दोन दशके खस्ता खाल्ल्या आणि जे ५ जानेवारी २०१४ रोजी प्रथम यशस्वीपणे उडाले, ते हेच. रसायनशास्त्राच्या चुलीवर याहून फार जास्त आच निघत नाही. अणूंमधल्या बंधांत जेवढी ऊर्जा आहे तेवढीच मिळणार. इंजिनिअर हुशार नाहीत असे नाही, निसर्गानेच तिथे रेघ ओढली आहे.

या रेघेची किंमत बघा. अपोलोला नेणारे सॅटर्न ५ हे रॉकेट जमिनीवर सुमारे २,९०० टनांचे होते. समुद्रात परत पडली ती पाच-साडेपाच टनांची कुपी. आपले चांद्रयान ३ घ्या. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला प्रक्षेपक ६४० टनांचा होता. त्यावरचे यान ३,९०० किलोचे. आणि चंद्राच्या धुळीत जी चाके फिरली त्या प्रज्ञान गाडीचे वजन २६ किलो. मला दवाखान्यात अनेकांनी विचारले, "डॉक्टर, अमेरिकेचे लोक तीन-चार दिवसांत पोहोचले, आपल्याला चाळीस दिवस का लागले?" कारण आपण मोठे रॉकेट पाठवले नाही. पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, दर फेरीत थोडा थोडा रेटा देत कक्षा लांबवत नेली. वेळ खर्च केला आणि ओझे वाचवले. यंत्राला चाळीस दिवस काय आणि चारशे काय, त्याला भूक लागत नाही.

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता दुसरे इंजिन. दगड कमी न्यायचे असतील तर ते अधिक वेगाने फेकले पाहिजेत. जाळून वेग मिळत नसेल तर विजेने फेकावे. झेनॉन नावाचा जड, निरुपद्रवी वायू घ्यायचा, त्याच्या अणूंतला एकेक इलेक्ट्रॉन काढून त्यांना विद्युतभारित करायचे, म्हणजे त्यांचे आयन करायचे, आणि विजेच्या दाबाने मागे फेकायचे. वीज सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांतून येते. फेकण्याचा वेग सेकंदाला ३० किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे उत्तम रासायनिक इंजिनाच्या सहा-सात पट. याला आयन इंजिन म्हणतात. ही कल्पनेतली गोष्ट नाही. नासाचे डॉन हे यान २७ सप्टेंबर २००७ ला निघाले, २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती फिरले, तिथून निघून २०१५ मध्ये सीरिस या बटुग्रहाभोवती जाऊन राहिले. पृथ्वी सोडून दोन वेगळ्या गोलांभोवती फेऱ्या मारणारे ते पहिले यान. रासायनिक इंजिनाने हे जमले नसते. डॉनजवळ झेनॉन होता फक्त ४२५ किलो, आणि तेवढ्यात त्याने आपला वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरने बदलला.

मग अडचण कुठे आहे? रेट्यात. डॉनच्या इंजिनाचा रेटा तुम्ही हातावर कागदाचे एक पान ठेवले तर जेवढा भार वाटेल तेवढा. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगापर्यंत यायला त्याला चार दिवस लागत. पण ते थांबत नसे. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे कागदाच्या पानाएवढा रेटा चालू राहिला. प्रवासात सगळे मिळून पाच वर्षांहून अधिक काळ ते इंजिन सुरू होते. आपल्या इस्रोनेही २०१७ च्या जीसॅट-९ या उपग्रहावर विजेचे इंजिन बसवले आहे.

सूक्ष्म मात्रा, दीर्घ काळ, आणि मोठा परिणाम! तुमच्या लक्षात आले असेल की मला कोणती उपमा देण्याचा मोह होतो आहे. पण सभागृहात माझे दोन ॲलोपॅथ मित्र पहिल्याच रांगेत बसले होते. आणि खरे सांगायचे तर आयन इंजिनाचा रेटा कितीही लहान असला तरी उपकरणाने मोजून दाखवता येतो. तेव्हा उपमा मागे घेतो.

या इंजिनाने जमिनीवरून उठता मात्र येणार नाही. कागदाच्या पानाएवढ्या रेट्याने टेबलावरचा पेलाही हलत नाही. एकदा वर पोहोचल्यावरच याचा उपयोग. आणि वरही, ज्याला घाई नाही त्याच्यासाठीच.

माणसाला घाई असते. अंतराळात तर असलीच पाहिजे, आणि इथे मला डॉक्टर म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार आहे. मंगळाला आजच्या इंजिनांनी जायला सहा ते नऊ महिने लागतात. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी दर सव्वीस महिन्यांनी येतात, त्यामुळे गेल्यावर परतीसाठी वाट बघावी लागते. सगळे मिळून अडीच-तीन वर्षांची गोष्ट. या काळात शरीराचे काय होते? वजनरहित अवस्थेत मांड्या आणि कंबरेच्या हाडांतला खनिजांचा साठा दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतो. आपल्याकडे वयस्क बायकांच्या हाडांची जी झीज वर्षभरात होते, तेवढी तिथे तरुण, धडधाकट माणसाची एका महिन्यात होते. रोज दोन तास व्यायाम करून ती बरीच रोखता येते, पूर्ण नाही. शरीरातले पाणी डोक्याकडे चढते, काहींच्या डोळ्यांच्या पडद्यामागे सूज येते, नजर बदलते.

आणि किरणोत्सर्ग. क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने वाटेतला किरणोत्सर्ग मोजला. तो दिवसाला सुमारे १.८ मिलीसिव्हर्ट भरला. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.१ मिलीसिव्हर्टचा. म्हणजे मंगळाच्या वाटेवर दररोज छातीचे अठरा एक्स-रे, सलग सहा-आठ महिने, आणि येताना पुन्हा तेवढेच. एका रुग्णाला वर्षात चार एक्स-रे लिहून दिले तर नातेवाईक मला जाब विचारतात.

वालेरी पोल्याकोव हे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. रशियन डॉक्टर. जानेवारी १९९४ मध्ये ते मीर स्थानकावर गेले आणि ४३७ दिवसांनी, मार्च १९९५ मध्ये उतरले. एका दमात इतके दिवस दुसरे कुणी राहिलेले नाही. मंगळापर्यंतचा प्रवास माणसाचे शरीर सोसते का, हे त्यांना स्वतःवर बघायचे होते. उतरल्यावर इतरांना उचलून नेतात तसे नेऊ न देता कुपीपासून जवळच्या खुर्चीपर्यंत ते आपल्या पायांनी चालत गेले. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पण मीर पृथ्वीच्या चुंबकीय छत्राखाली होते. हाडांचे आणि मनाचे उत्तर त्यांनी दिले. किरणोत्सर्गाचे उत्तर तिथे राहून देता येण्यासारखे नव्हते.

म्हणून माणूस पाठवायचा तर प्रवास आटोपता हवा. त्यासाठी डॉनसारखी काटकसर आणि सॅटर्नसारखा जोर, दोन्ही थोडे थोडे असलेले इंजिन लागते. असे एक इंजिन पन्नास वर्षांपूर्वीच बनवून, चालवून, बंद करून ठेवलेले आहे.

कल्पना अशी. काही जाळायचेच नाही. एका लहान अणुभट्टीतून द्रवरूप हायड्रोजन खेळवायचा, तो अडीच हजार अंशांच्या आसपास तापतो आणि नळकांड्यातून बाहेर सुटतो. तापमान रासायनिक इंजिनापेक्षा कमीच, पण बाहेर पडणारा कण हलका. रासायनिक इंजिनातून पाण्याची वाफ निघते, तिच्या रेणूचे वजन १८. हायड्रोजनच्या रेणूचे वजन २. हलका कण त्याच उष्णतेत अधिक वेगाने पळतो. त्यामुळे फेकण्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या वर जातो, जवळजवळ दुप्पट. दुप्पट म्हणजे फार नाही असे वाटेल, पण चक्रवाढीच्या हिशोबात व्याजाचा दर निम्मा झाला तर काय होते हे इथल्या व्यापारी मंडळींना मी सांगायला नको. जिथे वीस पट माल लागत होता तिथे साडेचार पटीत भागते. उरलेल्या जागेत ढाल न्या, पाणी न्या, किंवा तोच माल जाळून वाटेतले काही महिने कमी करा.

अमेरिकेने १९५५ ते १९७३ नेवाडाच्या वाळवंटात अशा सुमारे वीस भट्ट्या चालवून पाहिल्या. एक १९६९ मध्ये अठ्ठावीस वेळा बंद-चालू करून दाखवली. सुरुवातीच्या काही भट्ट्यांतले इंधनाचे दांडके हायड्रोजनच्या माऱ्याने तडकून नळकांड्यातून बाहेर उडाले, ती अडचण हळूहळू आटोक्यात आणली. जानेवारी १९६५ मध्ये तर अपघात झाला तर काय होईल हे बघण्यासाठी एक भट्टी मुद्दाम उडवून दिली. मग अपोलो संपले, मंगळाचा बेत मागे पडला, पैसा आटला आणि १९७३ मध्ये सगळे गुंडाळले. २०२३ मध्ये नासाने पुन्हा एक अशी भट्टी अंतराळात चालवून बघायचे जाहीर केले, तोही प्रकल्प २०२५ मध्ये रद्द झाला. हे इंजिन कुणाला नको आहे असे नाही. पण ते ज्या यानाला लावायचे ते यानच कुणी मागितलेले नाही.

लोकांच्या मनातली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह आपल्या अणुभट्टीसह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सर्गी तुकडे बर्फावर विखुरले. पण एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगितली पाहिजे. न पेटवलेल्या भट्टीतले युरेनियम फारसे किरणोत्सर्गी नसते. भट्टी चालायला लागल्यावर तिच्यात जे तयार होते ते घातक. तेव्हा थंड भट्टी वर न्यावी आणि जिथून ती शेकडो वर्षे खाली पडणार नाही अशा उंचीवर गेल्यावरच पेटवावी, हा नियम पाळला तर मला हा धोका पत्करण्याजोगा वाटतो. कॉसमॉसची भट्टी खालच्याच कक्षेत चालवली होती.

पत्करण्याजोगा कोणता नाही, तेही सांगतो. १९५८ ते १९६५ या काळात अमेरिकेत ओरायन नावाचा प्रकल्प होता. यानाच्या मागे एकामागून एक लहान अणुबाँब फोडायचे आणि त्यांच्या धक्क्यांवर, मध्ये प्रचंड स्प्रिंगांसारखे दणके झेलणारे खांब बसवून, यान पुढे न्यायचे. हे वेड्याचे स्वप्न नव्हते. टेड टेलर आणि फ्रीमन डायसन यांच्यासारखे पहिल्या दर्जाचे शास्त्रज्ञ त्यात होते, साध्या स्फोटकांवर लहान प्रतिकृती उडवूनही झाली होती. शक्तीही आणि काटकसरही, दोन्ही एकदम देणारे आपल्याला माहीत असलेले हे एकच यंत्र. हजारो टनांचे यान त्याने शनीपर्यंत नेता आले असते. पण जमिनीवरून ते उडाले तर प्रत्येक उड्डाणाच्या धुरळ्यामुळे जगात कुठे ना कुठे काही माणसे कर्करोगाने मरतील, हा हिशोब डायसननी स्वतःच केला. ती माणसे कोण हे कुणालाच कधी कळले नसते. १९६३ च्या करारानुसार वातावरणात आणि अंतराळात अणुस्फोट करायला बंदी आली आणि प्रकल्पाचा मार्ग बंद झाला. माझे अनेक विज्ञानप्रेमी मित्र या बंदीबद्दल हळहळतात. मी नाही. निनावी रुग्णही रुग्णच असतो.

आता असे वाहन, ज्यात दगडच नाहीत.

आमच्याकडे दिगंबर मुनी पायी विहार करतात, जवळ पिंछी आणि कमंडलू एवढेच. त्यांना बघून मला सौर शिडाची आठवण होते. प्रकाश पदार्थावर पडला की किंचित ढकलतो. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळते, यात तो ढकलही असतो. केपलरने १६१० मध्येच गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात आकाशातल्या वाऱ्यावर चालणाऱ्या शिडांच्या जहाजांची कल्पना मांडली होती. जपानने २१ मे २०१० रोजी इकारोस नावाचे यान पाठवले. १४ मीटर लांब, तेवढेच रुंद शीड, जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. डिसेंबरमध्ये ते शुक्राजवळून गेले, आणि प्रकाशाचा रेटा त्याच्या वाटचालीत स्पष्ट मोजता आला.

रेटा किती? पृथ्वीच्या अंतरावर एक चौरस किलोमीटरचे शीड पसरले, तर त्यावर सूर्याचा दाब जेमतेम एक किलो वजनाएवढा. यात माणूस बसवायचा तर शीड केवढे लागेल याचा विचार घरी जाताना करा. आणि सूर्यापासून जसजसे दूर जावे तसा वारा पडत जातो, अंतर दुप्पट झाले की रेटा चौथाई.

मग सूर्याऐवजी लेझर वापरला तर? आपल्या राजेंद्रनगरच्या पलीकडे, राजा रामण्णा केंद्रात, लेझरवर कित्येक वर्षे काम चालले आहे, तेव्हा इंदूरकरांना हा शब्द नवा नाही. २०१६ मध्ये युरी मिलनर या उद्योगपतीने, शेजारी स्टीफन हॉकिंग यांना बसवून, एक योजना जाहीर केली. ग्रॅमभर वजनाचे यान, त्याला काही मीटरचे शीड, जमिनीवरून १०० गिगावॅटचा लेझर, आणि काही मिनिटांत प्रकाशाच्या एक पंचमांश वेग. ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेल्या अल्फा सेंटॉरीला वीस वर्षांत पोहोचायचे.

ताऱ्यांपर्यंत जायचे तर असलेच काहीतरी लागेल. व्हॉयेजर १ हे १९७७ मध्ये निघालेले यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. ते सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने चालले आहे असे धरले, तरी पोहोचायला पंचाहत्तर हजार वर्षे लागतील. रासायनिक रॉकेटने प्रकाशाच्या दशांश वेग मिळवायचा म्हटले तर त्सिओल्कोव्स्कीचा हिशोब जो आकडा देतो, तो लिहायला जवळजवळ २,९०० अंक लागतात. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या ८० अंकांत मावते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७० च्या दशकात डिडॅलस नावाचा अणुसंमीलनाचा आराखडा केला होता. चोपन्न हजार टनांचे यान, त्यांपैकी पन्नास हजार टन इंधन, आणि ते इंधन गुरूच्या वातावरणातून गोळा करून आणायचे! प्रतिद्रव्याबद्दल कादंबऱ्यांत वाचले असेल. ग्रॅममागे ऊर्जा त्यात सर्वांत जास्त, पण आजवर सगळ्या प्रयोगशाळांनी मिळून जे बनवले ते काही नॅनोग्रॅमच्या घरातले. त्यावर अधिक बोलून तुमचा वेळ घेत नाही.

लेझरच्या योजनेचाही हिशोब मी करून बघितला. एका ग्रॅमला प्रकाशाच्या पंचमांश वेग द्यायला निदान पाच लाख युनिट वीज लागते, तीसुद्धा वाटेत काही वाया गेले नाही तर. साठ किलोच्या माणसाला, नुसत्या माणसाला, त्याच्या कपड्याशिवाय आणि डब्याशिवाय, तीन हजार कोटी युनिट.

व्याख्यान इथवर आले तेव्हा मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, "डॉक्टर, जाल ते जाल, पण तिथे थांबणार कसे?" संपूर्ण सभेतला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. उत्तर असे की थांबता येत नाही. समोरून ढकलणारा लेझर तिथे कुणी लावून ठेवलेला नाही. वीस वर्षे जाऊन ते यान त्या ताऱ्याजवळून सूर्य-पृथ्वीएवढे अंतर चाळीस-बेचाळीस मिनिटांत ओलांडून पुढे निघून जाईल. तेवढ्यात काढलेले फोटो आपल्याकडे यायला आणखी चार वर्षे. रॉकेटने थांबायचे तर थांबण्यापुरते इंधनही जाताना वाहून न्यायचे, म्हणजे चक्रवाढीवर आणखी चक्रवाढ. ज्याला तीनदा वीस पट म्हटले, त्याला थांबायचेही असेल तर चारशे पट.

माणसांची वस्तीच घेऊन जाणारी याने, ज्यात पिढ्या जन्मतील आणि संपतील, हाही एक मार्ग सुचवला जातो. आपल्यासारख्या मंडळींना यावर बोलायला हरकत नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले आणि दहा-बारा पिढ्यांनंतरही घरात मराठी बोलली जाते आहे. पण त्यांना वाटेत धान्य मिळत होते, नद्या होत्या, वाटले तर परत फिरायची सोय होती. यानात जन्मलेल्या मुलाला विचारून कुणी ते यान सोडलेले नसेल. शिवाय एक गमतीचा हिशोब आहे. आज निघालेले यान पाचशे वर्षांत पोहोचणार असेल, आणि शंभर वर्षांनी निघालेले शंभर वर्षांत, तर पहिल्या यानातल्या लोकांना पोहोचल्यावर स्वागताला माणसे उभी दिसतील.

तेव्हा कोणते इंजिन चांगले, असा प्रश्न मला विचारू नका. माझ्या पॅथीत रोगाचे औषध देत नाहीत, रोग्याचे देतात, एवढी एक गोष्ट तरी इथे लागू पडते. आधी कोण चालले आहे ते सांगा. जमिनीवरून उठायला पुढची कित्येक दशके रासायनिक रॉकेटच लागेल, त्याला पर्याय दिसत नाही. मंगळावर सामान, धान्य, यंत्रे पाठवायची तर ती आयन इंजिनावर, दोन वर्षे आधी, सावकाश पाठवावीत. यंत्राला भूक लागत नाही, असे मघाशी म्हटले ते यासाठी. माणूस पाठवायचा तर अणुभट्टीचे इंजिन तयार होईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. आज ज्या घाईने रासायनिक रॉकेटवर माणसे मंगळाला धाडण्याच्या गोष्टी चालल्या आहेत, त्यांत यंत्राचा हिशोब पुष्कळ असतो, हाडांचा आणि रक्ताचा फार थोडा. ताऱ्यांकडे शीड जाईल, एखाद्या ग्रॅमचे, आणि ते निघेल तेव्हा मी नसेन.

सभा संपल्यावर दहावीतली एक मुलगी जिन्यात भेटली. तिने वहीत चक्रवाढीचे आकडे उतरवून घेतले होते, २.७, ७.४, २०. ती म्हणाली, "काका, ५५ बरोबर नाही, ५४.६ येते." मी घरी येऊन बघितले. तिचे बरोबर होते. छापताना मात्र बोलण्यातला आकडा बोलल्यासारखाच राहू दिला आहे.